आधी भाषा, मग चिन्हे: घरी बसून अक्कादी शिकण्याचा क्रम

अक्कादी, म्हणजे आजच्या इराकच्या प्रदेशात प्राचीन काळी लिहिली जाणारी भाषा, शिकायला घेणारी बरीच माणसे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वही मिटून ठेवतात. मला भेटलेल्या सगळ्यांची गोष्ट जवळजवळ सारखी होती. पहिल्याच दिवशी चिन्हांचा तक्ता छापून भिंतीवर लावला, बाराखडीसारखा पाठ करायला घेतला, पन्नासेक चिन्हे झाली आणि मग कळले की एकेका चिन्हाचे चार-चार उच्चार आहेत, वर तेच चिन्ह कधी अख्खा शब्द म्हणूनही येते. माझेही पहिले तीन महिने असेच गेले. चिन्हे ओळखू येत होती, पण वाक्य एकही वाचता येत नव्हते.

देवनागरीत अक्षर ओळखले की वाचता येते, मग अर्थ कळो न कळो. क्यूनिफॉर्ममध्ये, म्हणजे पाचरीच्या आकाराच्या या लिपीत, तसे होत नाही. चिन्हाचा उच्चार कोणता घ्यायचा हे शब्दावरून ठरते, आणि शब्द व्याकरणावरून. समोर काय लिहिलेले असू शकते याचा अंदाज नसेल तर चिन्ह ओळखूनही तुम्ही तिथेच अडकता. म्हणून आधी भाषा आणि मग चिन्हे. हा क्रम उलटा केला की मेहनत वाया जाते.

पुढचे टप्पे रोज पाऊण तास, आठवड्यातले पाच दिवस, एवढा वेळ धरून लिहिले आहेत. या गतीने पहिले खरे वाक्य मूळ चिन्हांवरून वाचायला चार-पाच महिने लागतात.

टप्पा १: कोणत्या काळाची अक्कादी, ते आधी ठरवा

अक्कादी दोन हजारांहून जास्त वर्षे लिहिली गेली. एवढ्या काळात भाषा बदलली आणि चिन्हांचे वळण तर त्याहून जास्त बदलले. सुरुवातीला प्राचीन बाबिलोनी घ्या, म्हणजे साधारण इ.स.पू. २००० ते १६०० या काळातली. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे (त्याची कारकीर्द इ.स.पू. १७९२ ते १७५०) याच भाषेत आहेत, आणि व्यापाऱ्यांची, अधिकाऱ्यांची ढीगभर पत्रेही. या काळात शब्दांचे विभक्तिप्रत्यय शाबूत आहेत. नंतरच्या शतकांत ते ढासळत जातात आणि नवशिक्याला नियम कुठला, अपवाद कुठला हेच कळेनासे होते.

चिन्हांचे वळणही एकच धरा. काही पुस्तके हम्मुराबीच्या शिलास्तंभावरचे वळण शिकवतात, काही त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी रूढ झालेले असीरियन. तुमच्या पुस्तकातले स्वाध्याय ज्या वळणात असतील तेच घ्या आणि निदान सहा महिने दुसऱ्याकडे पाहू नका. फोनवर दिसणारा क्यूनिफॉर्म फॉन्टही कुठल्या तरी एकाच काळाचा असतो. तो तुमच्या पुस्तकाशी जुळला नाही तर पुस्तक प्रमाण माना.

सावधान: "लिपी एकच आहे, तर सुमेरीही सोबत उरकून घेऊ" असा मोह होतो. सुमेरी ही त्याच प्रदेशातली, त्याच लिपीत लिहिलेली दुसरी भाषा; तिचे अक्कादीशी काहीच नाते नाही. अक्कादी ही अरबी आणि हिब्रूच्या कुळातली, तर सुमेरीला कुळच सापडलेले नाही. दोन्ही एकदम घेतल्या तर दोन्ही कच्च्या राहतात.

टप्पा २: सामान जमवा

व्याकरणाचे एकच पुस्तक घ्या. ते निवडताना एवढेच पाहा की स्वाध्यायांची उत्तरे त्यात किंवा सोबतच्या पुस्तिकेत दिलेली आहेत. घरी एकट्याने शिकणाऱ्याला उत्तरांशिवाय आपली चूक कळत नाही. मराठीत असे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे इंग्रजीचा आधार घ्यावा लागेल.

शब्दकोश विकत घेण्याची गरज नाही. शिकागो विद्यापीठाने १९२१ मध्ये सुरू केलेला आणि २०११ मध्ये पूर्ण झालेला अक्कादीचा महाकोश त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतो. सीडीएलआय या इंटरनेटवरच्या संग्रहात लेख कोरलेल्या मातीच्या पाट्यांची छायाचित्रे मिळतात, ओरॅक या संकेतस्थळावर लिप्यंतरे आणि भाषांतरे. पहिले तीन महिने मात्र यांतले काहीही उघडू नका, पुस्तक पुरे.

बाकी लागते ते एवढे: चौकटीची वही, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची कोरी कार्डे, किलोभर शाडूची माती आणि चौकोनी टोकाची बांबूची काडी. चिनी जेवणासोबत येणाऱ्या काड्यांचे जाड टोक बऱ्याचदा चौकोनी असते, ते चालते. शाडू गणपतीच्या आधी महिनाभर कुठेही मिळतो. एरवी मूर्तिकारांकडे विचारा.

टप्पा ३: लिप्यंतर वाचायला शिका (दोन आठवडे)

जगभरचे अभ्यासक अक्कादी रोमन अक्षरांत, खुणा लावून लिहितात. तीच पद्धत शिकायला हवी. आणि नेमके इथेच मराठी वाचक असे चुकतात, जसे इंग्रज किंवा जर्मन वाचक चुकत नाहीत. आपण संस्कृत रोमनमध्ये लिहिलेले पाहिलेले असते, त्यामुळे टीखाली टिंब दिसले की तोंडातून 'ट' येतो आणि एसखाली टिंब दिसले की 'ष'. अक्कादीत ही टिंबे मूर्धन्य उच्चाराची नाहीत. ती घशातून दाबून काढलेल्या 'त' आणि 'स'ची आहेत, अरबीतल्या 'तोए' आणि 'स्वाद'च्या नात्यातली. एचखाली कोयरी असेल तर तो आपला 'ह' नसून 'ख़ुदा'मधला ख़ आहे. एसवर छोटी टोपी म्हणजे साधा 'श'. झेड म्हणजे 'जर'मधला ज.

या लेखात मी नुक्ता वापरतो आहे: दाबलेला त म्हणजे त़, दाबलेला स म्हणजे स़, शिवाय ख़ आणि क़. वहीतही उच्चार लक्षात ठेवण्यापुरती ही सोय चालेल. पण स्वाध्याय रोमन लिप्यंतरातच सोडवा, नाहीतर शब्दकोशात काही सापडणार नाही.

दुसरी चूक शेवटच्या 'अ'ची. मराठीत 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. अक्कादीत शेवटचा स्वर पूर्ण उच्चारायचा असतो. 'शुम्म' (जर) या शब्दाच्या शेवटी ऐकू येईल असा 'अ' आहे. तो गिळायचा नाही, आणि 'शुम्मा' असा ताणायचाही नाही.

तिसरी चूक सगळ्यांत चिवट आहे. 'उ' असा उच्चार असलेली चिन्हे एकाहून जास्त आहेत. ती वेगळी दाखवायला अभ्यासक त्यांना क्रमांक देतात: उ, उ२, उ३, उ४. रोमनमध्ये दोन आणि तीन या क्रमांकांऐवजी स्वरावर तिरकी रेघ देतात, दोनला उजवीकडे चढणारी आणि तीनला उतरणारी. आपल्याला ती दीर्घाची खूण वाटते. ती तशी नाही. चारही 'उ' एकसारखेच उच्चारायचे. क्रमांक फक्त पाटीवर कोणते चिन्ह होते ते सांगतो. दीर्घ स्वरासाठी वर आडवी रेघ असते. दोन स्वर मिळून एक झाला असेल तर वर टोपी येते.

तपासणी: पुस्तकाच्या पहिल्या धड्यातले वीस शब्द मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त ऐकून लिहून काढा. ख़ आणि ह, स़ आणि स, ह्रस्व आणि दीर्घ यांत गल्लत दिसली तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: व्याकरणाचा कणा (आठ ते दहा आठवडे)

या टप्प्यात एकही पाचर काढायची नाही. मन चुळबुळ करेल, पण थांबा.

पहिले दोन आठवडे नामे. तीन विभक्त्या आहेत: शर्रुम् म्हणजे राजा (कर्ता), शर्रम् म्हणजे राजाला (कर्म), शर्रिम् म्हणजे राजाचा, किंवा शब्दयोगी अव्ययानंतर येणारा. शाळेत 'देवः देवम् देवस्य' घोकलेल्यांना हे सोपे जाते. संस्कृतसारखे द्विवचनही आहे.

पुढचा आठवडा फक्त षष्ठीसाठी राखून ठेवा. मराठीत 'माणसाचा मुलगा' म्हणतो, मालक आधी. अक्कादीत मालक नंतर येतो: 'मार् अवीलिम्'. 'मार्'चा स्वतःचा प्रत्यय गळून पडला आहे आणि 'अवीलुम्'चे 'अवीलिम्' झाले आहे. घाईत वाचणारा याचा 'मुलाचा माणूस' करतो. प्रत्यय कोणाला लागला आहे ते पाहून वाचा, शब्दांच्या क्रमावरून नाही.

उरलेला सगळा वेळ क्रियापदांना. तीन व्यंजनांचा धातू आणि त्यांच्यामध्ये बदलते स्वर, ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. हुकूम, हाकीम, हुकमत, महकमा हे शब्द आपण वापरतोच. चारांतही ह-क-म आहे. मराठीत अरबी शब्दांतून आलेली ही घडण अक्कादीत सर्वत्र आहे. नमुन्याचा धातू प-र-स, म्हणजे तोडणे किंवा निवाडा करणे. त्याची तीन रूपे आधी पक्की करा:

इप्रुस्: तोडले
इपर्रस्: तोडतो, तोडेल (मधले व्यंजन दुहेरी)
इप्तरस्: तोडले आहे (मध्ये 'त' घुसला)

ही तीन झोपेतही ओळखू आली पाहिजेत. मग कर्मणी रूप घ्या, ज्यात पुढे 'न्' लागतो. हा 'न्' पुढच्या व्यंजनात मिसळतो आणि ते व्यंजन दुहेरी होते. संधी शिकलेल्याला याचे नवल वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. अक्कादीत क्रियापद बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येते, मराठीसारखे. इंग्रजीतून शिकणारा वाक्य उलटसुलट करत बसतो. तुम्ही भाषांतर थेट मराठीत करा. इंग्रजीत करून मग मराठीत आणू नका. शब्दांचा क्रम बऱ्याचदा तसाच्या तसा उतरतो.

सावधान: शब्दकोशात 'इख़्बुत्' हा शब्द इ-खाली सापडणार नाही. सुरुवातीचा 'इ' पुरुषाचा प्रत्यय आहे, धातू ख़-ब-त. कोशात तो 'ख़बातु' असा, शेवटचा 'म्' काढून दिलेला असतो. शोधण्याआधी तीन व्यंजने सुटी करून समासात लिहा. एवढी सवय लागली तर कोशातला निम्मा वेळ वाचतो.

तपासणी: अनोळखी क्रियापद पाहून धातू, काळ आणि पुरुष अर्ध्या मिनिटात सांगता येतात का? दहातली सात बरोबर आली तर पुढच्या टप्प्याला जा.

टप्पा ५: पाचर मातीत उमटवा, मग कागदावर काढा

आता शाडू भिजवा. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. बोटाला चिकटत असेल तर ओला आहे, दाबल्यावर कडेला भेगा पडत असतील तर सुकला आहे. तळहातात मावेल एवढी चपटी वडी करा आणि बाकीच्या गोळ्यावर ओले फडके ठेवा.

काडी पेनासारखी धरून ओढायची नाही. नव्याने शिकणारा प्रत्येक जण आधी ओढतो, आणि मातीत चर पडून कडेला मातीची लोळी उभी राहते. काडीचा चौकोनी कोपरा मातीत टेकवा, कड किंचित आडवी करा, दाबा, सरळ वर उचला. कोपरा जिथे खोल गेला तिथे त्रिकोणी डोके उमटते आणि कड टेकलेल्या बाजूला निमुळती शेपटी. हालचाल फक्त दाबण्याची. नीट उमटलेली पाचर तिरक्या उजेडात धरली की तिच्या आत तीन स्वच्छ उतार दिसतात.

चार प्रकार पुरतात: आडवी (डोके डावीकडे, शेपूट उजवीकडे), उभी (डोके वर, शेपूट खाली), तिरकी, आणि नुसता कोपरा दाबून होणारी बिनशेपटीची. प्रत्येकी शंभर काढा. काडी फार वळवू नका, डाव्या हातातली वडी हलकेच फिरवा.

यातून एक खूण हाताला कायमची कळते: डोके उजवीकडे असलेली आडवी पाचर नसते, आणि डोके खाली असलेली उभी पाचर नसते. वहीत नक्कल करताना अशी पाचर निघाली तर तुम्ही चिन्ह चुकीचे पाहिले आहे. तक्त्यावरून घोकणाऱ्याला ही चूक दिसतच नाही.

चिन्हे एकूण सहाशेच्या आसपास आहेत. घाबरू नका, प्राचीन बाबिलोनी पत्रे आणि कायदे वाचायला शे-सव्वाशे चिन्हांत काम सुरू होते. आठवड्याला दहापेक्षा जास्त नवी घेऊ नका. आणि ती तक्त्याच्या क्रमाने न घेता, व्याकरणात येऊन गेलेल्या शब्दांतून घ्या. कार्डाच्या एका बाजूला चिन्ह, दुसऱ्या बाजूला ज्या शब्दात ते भेटले तो शब्द. नुसता उच्चार लिहू नका.

सावधान: सारखी दिसणारी चिन्हे एकाच आठवड्यात शिकू नका. 'इद्' आणि 'द' ही दोन्ही मुळात हाताच्या चित्रातून आली आहेत आणि नवशिक्याला जुळी वाटतात. आधी एक पक्के करा, दुसऱ्याला महिनाभराने हात घाला.

टप्पा ६: पहिले वाक्य, तीन ओळींत

हम्मुराबीचा शिलास्तंभ १९०१-०२ मध्ये इराणातल्या सूसा इथे सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावरच्या कायद्यांना अभ्यासकांनी १ ते २८२ असे क्रमांक दिले आहेत. पहिल्या वाचनासाठी मी नेहमी २२वा सुचवतो. तो छोटा आहे आणि त्यात एकही शब्दचिन्ह, म्हणजे अख्ख्या शब्दासाठी येणारे चिन्ह, नाही. सगळे अक्षरचिन्हांनी लिहिलेले आहे.

प्रत्येक वाक्य तीन ओळींत लिहायचे. पहिल्या ओळीत चिन्हामागून चिन्ह:

शुम्-म अ-वि-लुम् ख़ु-उब्-तम् इख़्-बु-उत्-म इत्-त-अस़्-ब-अत् अ-वि-लुम् शु-उ२ इद्-द-अक्

दुसऱ्या ओळीत चिन्हे जोडून, स्वरांची लांबी भरून, बोलली जाईल तशी भाषा:

शुम्म अवीलुम् ख़ुब्तम् इख़्बुत्म इत्तस़्बत्, अवीलुम् शू इद्दाक्.

तिसऱ्या ओळीत अर्थ:

जर एखाद्या माणसाने लूट लुटली आणि तो पकडला गेला आहे, तर तो माणूस मारला जाईल.

आता हे वाक्य जवळून पाहा. चिन्हांच्या जागा पंचवीस आहेत, पण वेगळी चिन्हे एकोणीसच. 'अ-वि-लुम्' दोनदा आला, 'म' दोनदा आला, हे तर दिसतेच. पण 'ख़ुब्तम्'मधला 'तम्' आणि 'इख़्बुत्म'मधला 'उत्' हेही एकच चिन्ह आहे. सूर्याचे, दिवसाचे चिन्ह. पाटीवर दोन्ही जागी हुबेहूब तीच पाचररचना. एकदा 'तम्' आणि दोन-तीन चिन्हांनंतर 'उत्' हे कशावरून ठरवले? 'ख़ुब्तम्' हे कर्म आहे म्हणून शेवटी '-अम्' हवा, आणि ख़-ब-त या धातूचे भूतकाळी रूप 'इख़्बुत्' म्हणून तिथे 'उत्' हवा. व्याकरणाने उत्तर दिले, चिन्हाने नाही. तीन महिने पाचरी का काढायच्या नव्हत्या ते इथे समजते.

तसेच 'इत्' आणि 'इद्' एकच चिन्ह. अक्षराच्या शेवटी येणारे त्, द् आणि त़् ही लिपी वेगळे करत नाही. ब् आणि प्, ग्-क्-क़्, ज़्-स्-स़् यांचेही तेच. 'अवीलुम्'मधला 'वि' तर 'पि' नावाच्या चिन्हाने लिहिला आहे. या काळात ते चिन्ह व, वि, वु यांसाठी वापरत.

काळही पाहा. 'इख़्बुत्' साधा भूतकाळ, 'इत्तस़्बत्' मध्ये 'त' असलेला पूर्ण काळ (धातू स़-ब-त, पकडणे; आधीचा 'न्' पुढच्या त-मध्ये मिसळला), आणि 'इद्दाक्' होणाऱ्या गोष्टीचा. कायद्यांची घडण अशीच असते: गुन्हा होऊन गेलेल्या काळात, शिक्षा पुढच्या काळात. ही चौकट लक्षात ठेवली तर पुढचे पन्नास कायदे निम्मे सोपे होतात. आणि 'ख़ुब्तम् इख़्बुत्' हे तर आपल्या 'लूट लुटली'सारखेच. नाम आणि क्रियापद एकाच धातूचे.

या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक म्हणजे मधली ओळ गाळणे. चिन्हांवरून थेट अर्थावर उडी मारली की वाटते, जमले. प्रत्यक्षात छापील भाषांतराची आठवण काम करत असते. मधल्या ओळीत प्रत्येक स्वराची लांबी आणि प्रत्येक दुहेरी व्यंजन स्वतः ठरवावे लागते, आणि न समजलेली जागा तिथेच उघडी पडते.

तपासणी: दुसरी आणि तिसरी ओळ झाकून पहिली मोठ्याने वाचा. मग फक्त दुसरी ओळ समोर ठेवून पहिली लिहून काढा. दोन्ही जमले तर हे वाक्य शाडूच्या वडीवर उमटवा.

टप्पा ७: शब्दचिन्हे आणि मुक्या खुणा

आता सहावा कायदा घ्या. त्याची सुरुवात शिलास्तंभावर अशी आहे:

शुम्-म अ-वि-लुम् नीग२.गा डिंगिर उ३ ए२.गल इश्-रि-इक़्

नीग२.गा, डिंगिर आणि ए२.गल हे सुमेरी शब्द आहेत. रोमनमध्ये ते मोठ्या लिपीत छापतात. लेखकाने सुमेरी लिहिले, पण वाचायचे अक्कादीत. आपण '५' लिहितो आणि मराठी माणूस 'पाच' वाचतो, कन्नड माणूस 'ऐदु', तसेच. नीग२.गा म्हणजे मक्कूरुम् (मालमत्ता), डिंगिर म्हणजे इलुम् (देव), ए२.गल म्हणजे मोठे घर, अर्थात एकल्लुम् (राजवाडा). जोडून वाचायचे ते असे:

शुम्म अवीलुम् मक्कूर् इलिम् उ एकल्लिम् इश्रिक़्

"जर एखाद्या माणसाने देवाची किंवा राजवाड्याची मालमत्ता चोरली". 'मक्कूर्'चा प्रत्यय गळला, 'इलिम्' आणि 'एकल्लिम्' षष्ठीत आले. यातला एकही प्रत्यय दगडावर नाही. तो तुम्ही भरायचा आहे. नवशिके इथे 'डिंगिर' असेच वाचून पुढे जातात. तसे करू नका. शब्दचिन्ह दिसले की अक्कादी शब्द, आणि तोही बरोबर विभक्तीत.

काही चिन्हे उच्चारायचीच नसतात. ती फक्त पुढचा किंवा मागचा शब्द कशाचा आहे ते सांगतात. देवाच्या नावाआधी डिंगिर, लाकडी वस्तूच्या आधी गिश, गावा-देशाच्या नावानंतर कि. म्हणजे ताऱ्याच्या चित्रातून आलेले एकच चिन्ह कधी 'देव' हा शब्द असतो, कधी 'आकाश', कधी नुसते 'अन्' हे अक्षर, आणि कधी मुकी खूण. चारही कामे एकाच कार्डावर, प्रत्येकाला एक उदाहरण देऊन लिहा.

सरावासाठी एक छोटा, आपल्याला जवळचा लेख सांगतो. लूव्रमध्ये अक्कादी साम्राज्याच्या काळातली एक दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावर शू-इलीशू नावाच्या माणसाची ओळख आहे: एमे.बल मेलुख़्ख़ कि. 'एमे' म्हणजे जीभ, भाषा. 'बल' म्हणजे वळवणे, उलटवणे. दोन्ही मिळून दुभाषा. 'मेलुख़्ख़' हा बहुतेक अभ्यासकांच्या मते सिंधू खोऱ्याचा प्रदेश, आणि 'कि' ही देशाच्या नावामागची मुकी खूण. दुभाष्याला अक्कादीत 'तर्गुमान्नुम्' म्हणतात. आपला 'तर्जुमा' अरबीमार्गे याच शब्दाच्या घराण्यातून आला आहे.

टप्पा ८: छायाचित्रावरून वाचताना

पुस्तकातल्या रेखाटनावरून छायाचित्राकडे गेले की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. ते सगळ्यांचे होते. पुढच्या गोष्टी आधी पाहून घ्या.

उजेड डावीकडून वरून येणारा हवा. तसा नसेल तर खळगे उंचवटे वाटायला लागतात. मग छायाचित्र फिरवून पाहा. हम्मुराबीच्या स्तंभाचे छायाचित्र तर नव्वद अंशांत वळवूनच वाचायचे असते, कारण दगडावर मजकूर उभ्या ओळींत आहे आणि पुस्तके तो आडवा छापतात. हे माहीत नसल्यामुळे लोक आपण शिकलेले वळणच चुकले असे समजतात.

पाटी वहीच्या पानासारखी उलटत नाहीत. खालची कड धरून वर-खाली उलटतात. पुढच्या बाजूची शेवटची ओळ खालच्या कडेवर येते आणि तिथून मागच्या बाजूला सुरू राहते. मजकूर मध्येच तुटल्यासारखा वाटला तर आधी कडेची छायाचित्रे पाहा.

शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. पण लेखक एक शब्द सहसा दोन ओळींत तोडत नाहीत. म्हणून ओळीचा शेवट म्हणजे शब्दाचाही शेवट असे धरा आणि अडलात तर शेवटाकडून मागे वाचत या.

सावधान: "खरी बाबिलोनी पाटी" असे सांगून इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या वस्तू घेऊ नका. त्यांतल्या पुष्कळ बनावट असतात, आणि ज्या खऱ्या असतात त्या इराकमधल्या उत्खननस्थळांवरून लुटून आणलेल्या असू शकतात. १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर गेलेल्या वारसावस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००३ च्या ठराव क्र. १४८३ ने बंदी घातली आहे. लुटीत पाटी कुठल्या घरातून, कुठल्या थरातून निघाली ही माहिती कायमची नाहीशी होते. वाचायला छायाचित्रे पुरतात, ती हजारोंनी मोकळी आहेत.

टप्पा ९: कायद्यांकडून पत्रांकडे

वीसेक कायदे तीन ओळींत लिहून झाले की पत्रे घ्या. इथे वळण जास्त घाईचे असते, चिन्हे दाटीवाटीने येतात. पण सुरुवात जवळजवळ ठरलेली असते, आणि तिचा फायदा घ्या: 'अन अमुक क़िबीम, उम्म तमुकम'. म्हणजे "अमुकला सांग: तमुक असे म्हणतो". हे 'सांग' पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला उद्देशून आहे. 'क़ि'साठी त्यांनी तेच 'कि' चिन्ह वापरले आहे, जे गावाच्या नावामागे मुके येते. इथे मात्र ते बोलते.

ब्रिटिश म्युझियममध्ये उर शहरातून आलेली, इ.स.पू. १७५० च्या सुमाराची एक पाटी आहे. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नास़िर या व्यापाऱ्याला खराब तांबे दिल्याबद्दल सुनावले आहे. छायाचित्र, रेखाटन आणि लिप्यंतर तिन्ही मिळतात. लिप्यंतर झाकून ठेवा आणि भाषांतराच्या मागे लागू नका. पहिल्या बैठकीत फक्त 'क़िबीम' शोधा, तीन चिन्हे आहेत. त्याच्या आधीचे नाव पत्र ज्याला आले त्याचे, आणि 'उम्म'नंतरचे नाव ज्याने लिहिले त्याचे. दोन्ही नावे चिन्हा-चिन्हाने वहीत उतरवा. तांब्याची तक्रार दुसऱ्या दिवशी.